वरच्याची सही

2024 चा दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. बीड तालुक्यातल्या आमच्या शेतात त्या सकाळी बांधावर सहा माणसं उभी होती. कृषी सहायक, तलाठी, सरपंच तालुक्याला गेले म्हणून त्यांचा भाऊ, विमा कंपनीचा एक तरणा पोरगा, आमच्या घरातले वडीलधारे बप्पा आणि मी. सोयाबीन काढायला सांगितलेल्या दोघी बाया विळे घेऊन लिंबाच्या सावलीला बसल्या होत्या. महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगासाठी आमचा गट नंबर निघाला होता. ‘निघाला’ म्हणजे चिठ्ठी निघावी तसा, आकड्यांच्या तक्त्यातून. कुणाचं चांगलं शेत दाखवायचं नाही, कुणाचं वाईट शेत झाकायचं नाही, यासाठी ही व्यवस्था.

शेतात गेल्यावरही मनाला येईल तिथं दोरी टाकता येत नाही. नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, ठरलेल्या आकड्याइतकी पावलं एका अंगाला, दुसऱ्या आकड्याइतकी दुसऱ्या अंगाला, आणि पाय थांबेल तिथं पहिली खुंटी. कृषी सहायकानं पावलं मोजली, खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. चौकोन पूर्ण झाला तेव्हा सुतळीच्या बरोबर खाली सोयाबीनचं एक झाड आलं. फांद्या आत, बूड बाहेर.

“सायेब, हे झाड आत धरायचं का भाईर?” बप्पांनी विचारलं.

“शेंगा तर आत आहेत की काका,” कंपनीचा पोरगा म्हणाला.

“शेंगा असतील आत. बूड भाईर हाय. झाड बुडावरनं मोजत्यात, शेंड्यावरनं नाही.”

सगळे हसले. कृषी सहायकानं वाकून बघितलं आणि ते झाड हातानं बाहेर सारलं. पोरगा काही बोलला नाही. मोबाइल वर धरून त्यानं चौकोनाचा फोटो काढला. त्या फोटोला जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप चिकटतात. झाड एकच, पण ते आत गेलं तर मंडळाचं उत्पादन एक कणभर वाढणार होतं आणि बाहेर राहिलं तर कणभर कमी होणार होतं. उत्पादन जितकं कमी, विमा तितका जास्त. त्यामुळे सुतळीच्या दोन बाजूंना दोन हिशेब उभे होते, आणि बप्पांना आणि पोराला, दोघांनाही ते ठाऊक होतं.

मोठ्या कंपन्या आता निर्णय घेताना कृत्रिम बुद्धिमत्तेचा आधार घेतात, असं आपण रोज वाचतो. ते वाचताना डोळ्यांपुढे काचेच्या इमारती येतात. आमच्याकडे ती बुद्धिमत्ता सोयाबीनच्या शेतात आली आहे. कुणाच्या पिकाचं किती नुकसान झालं, कुणाला किती रुपये द्यायचे, याचा एक वाटा आता उपग्रहाची चित्रं वाचणारं गणित ठरवतं. त्याची कहाणी मात्र उपग्रहापासून सुरू होत नाही. ती या सुतळीपासून सुरू होते.

काठावरचं झाड

बप्पांनी घातलेला तो वाद नवा नव्हता. 1940 च्या दशकात देशातले नामवंत संख्याशास्त्रज्ञ याच प्रश्नावर एकमेकांसमोर उभे राहिले होते. एका बाजूला कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रशांतचंद्र महालनोबिस. दुसऱ्या बाजूला कृषी संशोधन परिषदेशी जोडलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत त्यांनी मोठं काम केलं. पानसे आणि सुखात्मे या जोडीचं शेतीच्या संख्याशास्त्रावरचं 1954 चं पुस्तक कृषी महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्यांनी वापरलं.

वाद असा होता. महालनोबिस यांची माणसं पिकाचे अगदी लहान तुकडे कापून अंदाज बांधत. तुकडा लहान म्हणजे खर्च कमी, आणि जास्त ठिकाणी जाता येतं. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा जितका लहान, तितकं उत्पादन फुगून येतं. कारण साधं आहे. लहान तुकड्याला क्षेत्रफळाच्या मानानं काठ जास्त, आणि काठावरचं झाड आत ओढण्याकडे माणसाच्या हाताचा कल असतो. लबाडी नसतानाही तो असतो. म्हणून तुकडा मोठा हवा, जागा चिठ्ठीनं ठरायला हवी आणि मोजणी त्या भागातल्या माणसांसमोर व्हायला हवी. आपल्याकडची पीक कापणी या विचारातून घडली.

या कापणीवर विमा उभा केला तो आणखी एका मराठी माणसाच्या कल्पनेनं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी 1976 साली पीक विम्याची मांडणी केली. पीक विमा भारतात चालणारच नाही, असं तेव्हा जाणकार म्हणत होते. शेतकरी लाखोंनी, शेतं तुकड्यांची; कोण बघायला जाणार आणि कुणावर विश्वास ठेवणार? दांडेकरांचं उत्तर होतं की एकेक शेत बघूच नका. सारखं हवामान, सारखी जमीन असलेला एक पट्टा धरा, त्याचं सरासरी उत्पादन काढा, आणि ते घटलं तर पट्ट्यातल्या सगळ्यांना सारख्या प्रमाणात भरपाई द्या. एकट्यानं खोटं बोलून कुणाचा फायदा होत नाही आणि प्रत्येक बांधावर साहेब पाठवावा लागत नाही. 1985 ची व्यापक पीक विमा योजना, 1999 ची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि 2016 ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, तिन्हींच्या पोटात ही कल्पना आहे.

म्हणजे पीक विम्याचा निर्णय पहिल्यापासूनच एका माणसाबद्दलचा नव्हता, तो सरासरीबद्दलचा होता. आमच्याकडे ही सरासरी महसूल मंडळाची. बीड जिल्ह्यात एक पाय बालाघाटच्या मुरमाड माळावर आणि दुसरा गोदाकाठच्या काळ्या रानात, असं असतं. पाटोदा-आष्टीकडची हलकी जमीन पंधरा दिवस पाऊस लांबला की मान टाकते. गेवराई-माजलगावची काळी जमीन तग धरते, पण अतिपावसात तीच आधी सडते. एका मंडळातसुद्धा वरचं रान आणि वढ्याकाठचं रान वेगळं पिकतं. सरासरी दोघांनाही एकाच पंगतीला बसवते.

एक ठिपका, एक गुंठा

आता कंपनीच्या बाजूनं बघू. एका हंगामात एकट्या बीड जिल्ह्यातून लाखोंनी विमा अर्ज जातात. प्रत्येक मंडळात, प्रत्येक पिकाच्या कापण्या. त्या करणारी माणसं कृषी आणि महसूल खात्याची, आणि त्यांना हे एकच काम नसतं. कापणीचे दिवस पंधरा-वीस. कधी ठरलेल्या दिवशी प्रयोग होतो, कधी शेतकरी वाट बघून सोयाबीन काढून मोकळा होतो. आकडे उशिरा येतात आणि आले की कंपनी हरकत घेते. भरपाई पुढच्या पेरणीनंतर येते. हे सगळं सुधारावं म्हणून केंद्रानं 2023 च्या खरिपापासून ‘यस-टेक’ नावाची पद्धत आणली. उत्पादनाचा अंदाज तंत्रानं काढायचा आणि अंतिम आकड्यात त्याला किमान 30 टक्के वजन द्यायचं. उरलेलं वजन कापणीचं. सुरुवात भात आणि गव्हापासून झाली. महाराष्ट्रानं सोयाबीन आणि कापसालाही ती लावली.

यंत्र शेत कसं बघतं? युरोपचे सेंटिनेल-2 मालिकेतले पहिले दोन उपग्रह 2015 आणि 2017 साली वर गेले. या मालिकेतले दोन मिळून दर पाच दिवसांनी आपल्या रानावरून जातात. हिरवं, निरोगी पान तांबडा उजेड गिळतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं. या दोन उजेडांच्या फरकातून हिरवेपणाचा एक आकडा निघतो. हंगामभर तो आकडा चढतो, टिकतो, उतरतो. त्या चढउताराला पावसाची, तापमानाची, जमिनीची माहिती जोडायची, मागच्या वर्षांच्या कापण्यांचे आकडे समोर ठेवून यंत्राला शिकवायचं, आणि त्यानं सांगायचं की या मंडळात हेक्टरी इतकं सोयाबीन आलं असेल. या पद्धतीमागच्या केंद्राच्या तांत्रिक संस्थेचं नाव महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र. इतिहासालाही विनोद कळतो.

सेंटिनेलच्या चित्रातला सगळ्यात बारीक ठिपका दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असतो. शंभर चौरस मीटर. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी हसलो, कारण एक गुंठाही जवळजवळ तेवढाच, एकशे एक चौरस मीटर. म्हणजे वरून बघणाऱ्याचा एक ठिपका आणि बप्पांचा एक गुंठा एकच. बप्पांची तीन एकर सोयाबीन म्हणजे एकशे वीस गुंठे, एकशे वीस ठिपके. बप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग बरंय. निदान त्यो बी गुंठ्यातच मोजतोय.”

काही गोष्टी हा ठिपका माणसापेक्षा नक्कीच चांगल्या सांगतो. या गटात खरंच सोयाबीन आहे की ऊस, की नुसतं पडीक रान, हे तो सांगतो. पेरणी कधी झाली, पिकानं कधी मान टाकली, हे सांगतो. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. तेव्हा कोणत्या मंडळात पीक किती दिवस सुकत होतं हे वरून लख्ख दिसू शकतं. तो जात बघत नाही, पक्ष बघत नाही, चहा घेत नाही. बांधावरच्या मोजणीवर ज्यांचा विश्वास उडाला होता, त्यांना हे मोलाचं वाटलं तर त्यात नवल नाही.

सोयाबीन माजतं तेव्हा

पण आमच्याकडे एक शब्द आहे, ‘माजणं’. पाऊस सारखा राहिला, जमीन भारी असली की सोयाबीन कमरेला लागतं. पान रुंद, रंग काळपट हिरवा, लांबून बघणाऱ्याचे डोळे निवतात. जवळ जाऊन फांदी उचलली की कळतं, फुलं गळाली आहेत, शेंगा तुरळक, त्याही चपट्या. “सोयाबीन माजलंय,” म्हणतात. माजलेलं सोयाबीन गुरांना चांगलं, कर्जाला नाही. हिरवेपणावरून उत्पादन वाचणाऱ्याला चकवा द्यायला यापेक्षा चांगलं पीक नाही.

दुसरी अडचण काढणीच्या वेळची. शेंगा वाळल्या, पानं झडली, हिरवेपणाचा आकडा आपल्या मार्गानं खाली आला. यंत्राच्या लेखी हंगाम संपला. नेमका तेव्हा परतीचा पाऊस येतो. उभ्या शेंगेत दाणा फुगतो, कोंब येतो, किंवा काढून लावलेली गंजी आतून तापून काळी पडते. झाडावरचं नुकसान पानात दिसतं, गंजीतलं नुकसान नाकाला कळतं. तिसरी अडचण ढगांची. खरिपात ज्या दिवसांत बघायची गरज, त्याच दिवसांत आभाळ भरलेलं. ढगांतून पार बघणारे रडार उपग्रह आहेत, पण ते पानाचा रंग बघत नाहीत, त्यांचं वाचन वेगळं. आणि चौथी अडचण तुरीची. सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ, ही आमची जुनी रीत. एकाच ठिपक्यात दोन पिकं. सोयाबीन गेलं तरी तूर हिरवीच असते.

हा पेच एकट्या बीडचा नाही. केनियाच्या मार्साबिट भागात 2010 साली गुराख्यांसाठी उपग्रहाला दिसणाऱ्या हिरवेपणावर चालणारा विमा सुरू झाला. रान हिरवं नसेल तर पैसे मिळतात. पण हिरवं म्हणजे चारा असं थोडंच असतं? आपल्याकडची वेडी बाभूळ आठवा. ती उन्हाळ्यातही हिरवीगार, पण तिचा पाला गुरं तोंडात धरत नाहीत.

या चुकीची किंमत किती, हे एका सोप्या हिशेबानं कळेल. समजा, मंडळाचं उंबरठा उत्पादन हेक्टरी 10 क्विंटल. उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या पाच चांगल्या वर्षांच्या सरासरीवरून काढलेली रेघ; तिच्या खाली गेलं की भरपाई. कापणीत आले 8 क्विंटल. म्हणजे घट 20 टक्के. हेक्टरी 50 हजारांचा विमा असेल तर 10 हजार रुपये मिळायचे. आता वरचा म्हणतो, पीक मस्त होतं, 14 क्विंटल आलं असणार. 70 टक्के कापणीचं आणि 30 टक्के वरच्याचं मिळून होतात 9.8. घट 2 टक्के. भरपाई 1 हजार. उलटही होऊ शकतं. वरच्यानं 4 सांगितलं तर सरासरी 6.8 येते आणि भरपाई 16 हजारांवर जाते. यंत्र नेहमी कंपनीच्याच बाजूनं बोलतं असं म्हणण्यात अर्थ नाही. पण 30 टक्के हा आकडा ऐकायला लहान आणि हिशेबात केवढा मोठा आहे, हे कळावं.

ज्या वर्षी कंपनी आलीच नाही

यंत्र नीट शिकवलं, चुका कमी झाल्या, की निर्णय चांगले होतील, असं सगळे समजतात. मलाही तसंच वाटायचं. मग 2020 साल आठवलं.

त्या खरिपात बीड जिल्ह्याचा पीक विमा घ्यायला कंपन्या पुढे आल्याच नाहीत. निविदा काढल्या, परत काढल्या. का आल्या नाहीत? त्यांच्याकडे माहिती कमी होती म्हणून नव्हे. मागची सगळी वर्षं, पावसाचे खंड, कापण्या, वाटलेले पैसे, सगळं समोर होतं, आणि त्यांच्या गणितानं सांगितलं की हा जिल्हा परवडत नाही. कंपनीच्या दृष्टीनं तो अचूक, अभ्यासपूर्ण निर्णय होता. ज्याला विम्याची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच विमा मिळणार नाही, असा त्याचा अर्थ. चांगलं अनुमान कुणाच्या हातात आहे आणि त्याला काय साधायचं आहे, हे बाजूला ठेवून ‘चांगला निर्णय’ असं काही नसतं, हे बीडनं त्या वर्षी शिकवलं.

तोडगाही बीडमध्येच निघाला, आणि तो यंत्राचा नव्हता. 2002 साली सरकारी विमा कंपन्या, सर्वसाधारण विमा महामंडळ आणि नाबार्ड यांनी मिळून स्थापन केलेल्या भारतीय कृषी विमा कंपनीनं जिल्हा घेतला, पण वेगळ्या अटीवर. या अटीचं नाव पडलं ‘बीड पॅटर्न’, किंवा 80-110. समजा, विम्याचा हप्ता जमला 100 रुपये. भरपाई 130 रुपये द्यावी लागली, तर कंपनी 110 पर्यंत देणार, वरचे 20 राज्य सरकार देणार. म्हणजे कंपनी बुडत नाही. भरपाई 30 च द्यावी लागली, तर कंपनीनं 20 रुपये स्वतःकडे ठेवायचे आणि उरलेले 50 सरकारला परत करायचे. म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षी कंपनी मालामालही होत नाही. नफ्याला छत आणि तोट्याला तळ.

जून 2021 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पंतप्रधानांना भेटले तेव्हा राज्यभर हाच पॅटर्न लागू करावा, ही मागणी त्यांच्या यादीत होती. 2022 पासून तो राज्यभर आला. एका मागास म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या नावानं देशाच्या विमा क्षेत्रात एक हिशेब ओळखला जातो, हे आमच्याकडे अजून फारसं कुणाला ठाऊक नाही. बीडचं नाव बाहेर निघतं ते बहुधा ऊसतोडीवरून, नाहीतर गुन्ह्यांवरून.

या हिशेबाकडे नीट बघितलं तर त्यात एकही नवीन माहिती नाही, एकही उपग्रह नाही. फक्त निर्णय घेणाऱ्याचा स्वार्थ बदलला. भरपाई नाकारून कंपनीला अमर्याद कमाई होणार नसेल, तर नाकारण्याची तिची घाई कमी होते. पॅटर्नवर टीकाही झाली. हप्ता भरणारं आणि वरचा तोटा सोसणारं सरकारच असेल तर कंपनी हवीच कशाला, असा रोकडा प्रश्न विचारला गेला, आणि तो चुकीचा नाही. पण निर्णय सुधारायचा असेल तर यंत्राच्या आधी तराजूकडे बघावं लागतं, एवढं त्यातून नक्की दिसलं.

खोटी शेतं, खरा पाऊस

आमच्या बाजूचं पाप लपवण्यात अर्थ नाही. 2023 च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा आला. शेतकऱ्याचा वाटा सरकारनं भरायचा. अर्जांचा पूर आला, आणि त्या पुरात खोटे अर्जही वाहत आले. दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर, पेरलंच नाही अशा रानावर. त्या चर्चेत बीडचं नाव पुढे होतं. अशा वेळी वरून बघणारा डोळा सोन्याचा. जिथं नुसता माळ आहे तिथं सोयाबीनचा विमा कसा, हे तो एका दिवसात विचारू शकतो. 2025 मध्ये एक रुपयाची योजना बंद झाली. शेतकऱ्यानं खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड टक्का हप्ता भरायचा जुना नियम परत आला. त्याचबरोबर राज्यानं पेरणी न होणं, हंगामाच्या मध्यातलं संकट, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान ही जोड-संरक्षणं काढून टाकली. उरली फक्त कापणी, फक्त उत्पादनाचा आकडा.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आभाळ फाटलं. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, बीडकरांनी कित्येक दशकं वाट बघितलेली बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. त्याच पंधरवड्यात सिंदफणेच्या, बिंदुसरेच्या काठची शेतं पाण्याखाली होती. नुसतं पीकच नाही, माती खरवडून गेली. सरकारनं ऑक्टोबरात राज्यासाठी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पण गावात तेव्हा पॅकेजबरोबर दुसरा प्रश्न होता. जिथं कापायलाच काही उरलं नाही, तिथं आकडा काय येणार, आणि वरच्याला काय दिसणार?

मला या प्रश्नाची धास्ती का वाटते, ते सांगतो. त्याआधी एका वर्षी आमची सोयाबीनची गंजी भिजली. कंपनीचं नाव घेत नाही. निविदेबरोबर जिल्ह्याची कंपनी बदलत असते आणि गोष्ट कुठल्याही कंपनीत घडली असती. तेव्हा बहात्तर तासांत कळवायचं असायचं, आम्ही पहिल्या दिवशीच कळवलं. एक माणूस येऊन फोटो काढून गेला. दीड-दोन महिन्यांनी बप्पांच्या फोनवर इंग्रजीत दोन ओळी आल्या. दावा नामंजूर. कारणाच्या जागी एक सांकेतिक शब्द. मी फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती, मराठी होती, तिचा काही दोष नव्हता. ती म्हणाली, “सर, सिस्टीममध्ये तसं दिसतंय.” कुणी ठरवलं? “सिस्टीमनं, सर.” कुणाला विचारू? “तुम्ही तक्रार टाकू शकता, सर, ती सिस्टीममध्ये जाईल.” बप्पा बाजूला बसून ऐकत होते. म्हणाले, “त्या शिस्टीमचं घर कुठं हाय, इचार. एक चक्कर मारून येतो.”

सल्ला आणि निवाडा

बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीनं उसात केलेले प्रयोग आता राज्यभर गाजले आहेत. उपग्रह, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर यांच्या आधारे शेतकऱ्याच्या फोनवर सल्ला येतो की आज पाणी किती द्या, खत कुठं कमी करा, कीड कुठं दिसते. जून 2025 मध्ये राज्यानं 500 कोटींचं महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, त्यातही अशा सल्ल्यांवर भर आहे. पीक विम्यासाठीही फोनवर काढलेल्या पिकाच्या फोटोंवरून नुकसान ओळखणारं ‘क्रॉपिक’ केंद्रानं हाती घेतलं आहे.

या सगळ्याला सरसकट नावं ठेवणारा मी नाही. पण सल्ला वेगळा आणि निवाडा वेगळा. उसाला आज पाणी देऊ नका असं फोन म्हणाला आणि बप्पांना पटलं नाही, तर ते मोटार चालू करतील. चुकलं तर त्यांचंच चुकेल, आणि पुढच्या वेळी ते फोनचं ऐकतील किंवा ऐकणार नाहीत. निवाड्याला मोटारीचं बटण नसतं. तो एकीकडे ठरतो आणि दुसरीकडे भोगायचा असतो. म्हणून निवाडा देणाऱ्या यंत्राकडून जास्त मागावं लागतं, आणि ते फार महागही नाही. माझ्या मंडळाचा यंत्रानं काढलेला आकडा कापणीच्या आकड्याशेजारी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. नकाराचं कारण मराठीत यावं. यंत्राचा आणि कापणीचा आकडा फार लांब गेला तर कुणीतरी बांधावर येऊन बघावं. आणि ज्यानं ठरवलं त्याचं नाव असावं.

जुन्या पैसेवारीला, म्हणजे पिकाच्या सरकारी अंदाजाला, आपण इतक्या शिव्या घातल्या. सप्टेंबरातली नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावर गावाचा दुष्काळ ठरायचा. ती चुकायची, वाकवलीही जायची. पण ती कुणी काढली हे गावाला माहीत असायचं आणि त्याच्या दारात जाऊन भांडता यायचं. कंपनीच्या कचेरीत बसलेल्या हुशार माणसांनी हा एक गुण मात्र त्या जुन्या रीतीकडून घ्यावा.

सही

त्या दिवशी बायांनी चौकोनातलं सोयाबीन कापलं. ताडपत्रीवर बडवलं, उफणलं, दाणे पिशवीत भरले, काट्याला लावले. कृषी सहायकानं वजन मोठ्यानं वाचलं. तलाठ्यानं लिहिलं. कंपनीच्या पोरानं काट्याचा फोटो काढला. पुढे हे दाणे वाळवून परत वजन करायचे होते, कारण ओल्या दाण्याचं वजन खोटं.

मग फॉर्म आला. कृषी सहायकानं सही केली, तलाठ्यानं केली, सरपंचाच्या भावानं साक्षीदार म्हणून केली, कंपनीच्या पोरानंही केली. शेवटी कागद बप्पांपुढे आला. चष्मा नव्हता. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, सह्या मोजल्या. मी आदल्या रात्री त्यांना सत्तर आणि तीसचा हिशेब सांगितला होता, ते विसरले नव्हते.

“ह्ये सत्तर पैशाचं झालं,” ते म्हणाले. “तीस पैशावाल्याची सही कुठं घ्यायची?”

कृषी सहायक हसला. कंपनीचा पोरगा हसला नाही. त्यानं एकदा वर बघितलं. पाऊस उघडलेलं ऑक्टोबरचं निळं आभाळ होतं, त्यात काहीच नव्हतं. मग त्यानं खिशातलं पेन काढून बप्पांच्या हातात दिलं आणि म्हणाला, “काका, सध्या तुम्हीच करा.”

बप्पांनी सही केली, सावकाश, पूर्ण नाव, खाली रेघ. मग सुतळी गुंडाळायला वाकले. ते काठावरचं झाड अजून तिथंच उभं होतं, बूड बाहेर, फांद्या आत. ते त्यांनी उपटलं आणि घरी घेऊन आले. सात शेंगा होत्या.